इंडियाना, गुरुवार ते बुधवार: शाळेच्या जिमपासून पेसर्सपर्यंत

इंडियानात बास्केटबॉल बघायला जायचे तर आधी वार ठरवायचे, विमानाचे तिकीट त्यानंतर काढायचे. शाळांचे सामने शुक्रवारी रात्री, कॉलेजचे बहुतेक शनिवारी आणि मंगळवार-बुधवारी, एनबीए या व्यावसायिक लीगचे आठवड्यात कधीही. म्हणून ही फेरी गुरुवारी सुरू करून पुढच्या बुधवारी संपवायची. महिना फेब्रुवारी. नोव्हेंबर-डिसेंबरात मोठी कॉलेजे दुबळ्या संघांना घरी बोलावून धुऊन काढतात, त्यात बघण्यासारखे फार नसते. मार्चमध्ये कॉलेजची स्पर्धा सुरू झाली की सामने इतर राज्यांत जातात आणि हॉटेलचे दर भडकतात. फेब्रुवारीत लीगची खरी लढत चालू असते आणि सगळे आपापल्या घरच्या हॉलमध्ये खेळतात.

अमेरिकी चाहत्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असते: कॉलेजची पोरे जीव तोडून खेळतात, एनबीएवाले पैशासाठी. आळशी वाक्य आहे. एनबीएत बचाव कमी आणि कॉलेजात जास्त दिसतो याची कारणे फ्लोअरवरच्या रेषांत आणि घड्याळात आहेत. एका आठवड्यात शाळा, कॉलेज आणि एनबीए असे तिन्ही लागोपाठ पाहिले की ते आपोआप कळते. ही सोय इंडियानाइतकी दुसरीकडे क्वचितच मिळेल, कारण या फेरीतले प्रत्येक गाव इंडियानापोलिसपासून दीड तासाच्या आत आहे.

गुरुवार: इंडियानापोलिस

भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क, शिकागो किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून बदलून यावे लागते. शिकागोला उतरून गाडीने येणाऱ्यांसाठी एक सूचना. अंतर सुमारे १८० मैल, साधारण तीन तास, पण शिकागो सेंट्रल वेळेत आहे आणि इंडियानाचा बहुतेक भाग ईस्टर्न वेळेत. वाटेत एक तास गायब होतो. सातचा सामना गाठायला तीनला निघालेला माणूस तिथल्या सातला पोहोचतो आणि मग पार्किंग शोधत फिरतो. गाडी भाड्याने घेताना काच धुण्याचे पाणी थंडीत न गोठणारे आहे ना, आणि बर्फ खरवडायचा ब्रश डिकीत आहे ना, एवढे बघून घ्यावे. रस्त्यापेक्षा पूल आधी गोठतात. इंटरस्टेटवर गाड्या घसरतात त्या तिथेच.

पहिल्या दुपारी बटलर विद्यापीठाचे हिंकल फील्डहाउस. डाउनटाउनपासून उत्तरेला सहाएक मैल. सामना नसला तरी जावे, पण आत सराव किंवा कार्यक्रम नाही ना हे आधी फोनवर विचारावे. १९२८ साली उघडलेली ही इमारत, तेव्हा पंधरा हजार माणसांची. दोन दशकांहून अधिक काळ देशातले सर्वांत मोठे बास्केटबॉलगृह. आज आसने नऊ हजारांच्या आसपास आहेत. वर पोलादी कमानी, दोन्ही टोकांना उंच खिडक्या. दुपारच्या सामन्यात ऊन थेट आत येते. सुरुवातीला फ्लोअर पूर्व-पश्चिम होता, १९३३ साली तो उत्तर-दक्षिण फिरवला, कारण तसे केल्याने चांगल्या जागा वाढल्या. ज्यांचे नाव इमारतीला आहे ते टोनी हिंकल इथले अनेक दशकांचे कोच. चेंडूचा आजचा नारिंगी रंग त्यांच्याच आग्रहातून आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चेंडू गडद तपकिरी असत आणि मागच्या ओळीतल्या प्रेक्षकाला तपकिरी फ्लोअरवर ते दिसत नसत.

इथला गाजलेला सामना १९५४ सालच्या राज्य शालेय अंतिम फेरीचा. १६१ विद्यार्थ्यांची मायलन शाळा विरुद्ध दसपट मोठी मन्सी सेंट्रल. शेवटच्या क्वार्टरमध्ये मायलन २६-२८ असे मागे होते आणि तरीही बॉबी प्लम्प चेंडू घेऊन नुसता उभा राहिला. चार मिनिटांहून जास्त. मागे असलेला संघ वेळ काढतो हे आज वेडेपणाचे वाटेल. पण शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायला लावणारे घड्याळ, तेव्हा नव्हता, मन्सीची पोरे उंच होती, आणि मायलनच्या कोचचा हिशेब साधा होता: जितके कमी चेंडू खेळले जातील तितका उंचीचा फायदा कमी. मन्सीने पुढे येऊन दबाव टाकायला हवा होता, तो टाकला नाही, कारण ते आघाडीवर होते आणि त्यांना घड्याळ सरकलेले हवेच होते. शेवटी ३०-३० असताना प्लम्पने उजवीकडून जम्प शॉट मारला, ३२-३०. १९८६ सालचा ‘हूजियर्स’ हा प्रसिद्ध सिनेमा याच सामन्यावरून सुचला आणि त्याचा शेवट याच हॉलमध्ये चित्रित झाला.

मायलनची गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यापेक्षा मोठी वाटते ती क्रिस्पस अटक्सची. ही इंडियानापोलिसची कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढलेली शाळा. मायलनने १९५४ च्या वाटचालीत अटक्सला हरवले होते. त्या संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा एक कोवळा मुलगा होता. पुढच्या वर्षी, १९५५ साली अटक्सने राज्य जिंकले, १९५६ साली एकही सामना न हरता, ३१-० असे पुन्हा जिंकले. शहराची प्रथा अशी की विजेत्या संघाला अग्निशमन गाडीवर बसवून डाउनटाउनच्या मॉन्युमेंट सर्कलला आणायचे आणि तिथे जल्लोष करायचा. अटक्सच्या पोरांची गाडी सर्कलला एक फेरी मारून सरळ त्यांच्या वस्तीतल्या पार्ककडे वळवली गेली. रॉबर्टसन हे पुढे आयुष्यभर विसरले नाहीत. शाळा अजून चालू आहे आणि तिच्या आवारात संग्रहालय आहे. शाळेची वेळ सांभाळून, आधी विचारून जावे लागते. हिंकल आणि अटक्स एकाच दुपारी बघावेत, आणि शक्यतो याच क्रमाने.

शुक्रवार: नाइट्सटाउन, न्यू कॅसल आणि रात्रीचा सामना

आठवड्यात एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ती ही ठेवा. पेसर्स, म्हणजे इथला एनबीए संघ, टीव्हीवर दिसतात, हे दिसत नाही.

सकाळी यूएस ४० या जुन्या रस्त्याने पूर्वेला निघायचे. पस्तीसेक मैलांवर नाइट्सटाउन आणि तिथे हूजियर जिम, सिनेमातल्या शाळेचे घरचे मैदान. आत चेंडू घेऊन शॉट मारू देतात, फक्त स्वच्छ रबरी तळाचे बूट पायात हवेत. बाहेरचे बर्फ-मीठ लागलेले बूट घालून लाकडावर गेलात तर कोणीही रागावेल, आणि ते बरोबरच आहे. बघायचे ते अंतर. पहिल्या ओळीत बसलेल्याचे गुडघे जवळपास बाउंडरीवर येतात. साइडलाइनला चेंडू हातात धरून उभे राहिले की जुन्या पद्धतीत कोपऱ्यातून शॉट का मारत नसत ते समजते.

तिथून न्यू कॅसल अर्ध्या तासाच्या आत. इंडियाना बास्केटबॉल हॉल ऑफ फेम इथे आहे. पोस्टर आणि जर्सी भराभर बघून टाका. वेळ द्यायचा तो शालेय जिमच्या छायाचित्रांना आणि जुन्या ड्रॉच्या कागदांना. शेजारीच न्यू कॅसल फील्डहाउस. हायस्कूलचे जगातले सर्वांत मोठे जिम म्हणून ते मिरवतात. बांधकाम १९५९ चे. दारातून आत शिरलो की आपण थेट वरच्या कडेला येतो आणि फ्लोअर खाली खोल दिसतो. प्रेक्षागृह जमिनीत उतरवलेले आहे.

छोट्या गावाने एवढे जिम का बांधले असेल? हौस होती, पण त्यामागे हिशेबही होता. राज्य स्पर्धेची पहिली फेरी, म्हणजे सेक्शनल, ज्याच्याकडे मोठे जिम त्याच्या गावात व्हायची. मग घरचे मैदान मिळे, तिकिटाचा पैसा मिळे आणि शेजारच्या गावांना आपल्याकडे यावे लागे. त्यामुळे एकाने पाच हजारांचे बांधले की दुसरा सहा हजारांचे बांधी. देशातली सर्वांत मोठी हायस्कूल जिम मोजायला घेतली तर बहुतेक एकट्या इंडियानात निघतात. पुढे १९५९ च्या कायद्याने छोट्या शाळा एकत्र करायला सुरुवात झाली, गावागावांच्या शाळा गेल्या, पण इमारती उरल्या. अँडरसनचे विग्वॅम हे असेच अवाढव्य जिम. तापवायचा आणि सांभाळायचा खर्च न परवडून शाळेने ते २०११ साली बंद केले. आणि १९९७-९८ पासून राज्य स्पर्धेचे पटसंख्येनुसार चार वर्ग झाले. तोवर मायलन आणि मन्सी एकाच ड्रॉमध्ये असत. वर्ग केल्याने छोट्या शाळांना चषक मिळू लागले हे खरे. पण शेजारच्या मोठ्या शाळेला हरवण्याची संधी गेली, आणि जिमा रिकाम्या व्हायला तिथून जोर आला. माझ्या मते तो निर्णय चुकला.

रात्रीचा सामना. शाळांच्या संकेतस्थळावर वेळापत्रक असते. साधारण सहाला ज्युनियर संघाचा सामना, साडेसातच्या सुमारास मुख्य. तिकीट दहा डॉलरच्या आसपास. काही शाळा फोनवरूनच तिकीट देतात, काही दारात रोख घेतात, म्हणून दोन्हींची तयारी ठेवा. न्यू कॅसल त्या दिवशी बाहेरगावी खेळत असेल तर आसपासच्या चार-पाच शाळांची वेळापत्रके आधीच काढून ठेवलेली बरी. सर्वांत मोठा घोळ बर्फाचा. बर्फामुळे शाळेला सुट्टी दिली की संध्याकाळचा सामनाही बहुधा पुढे ढकलतात, आणि बाहेरून आलेल्याला ते जिमच्या बंद दारापाशी कळते. दुपारी तीनला शाळेच्या क्रीडा विभागाचे पान पुन्हा बघा. सामना ढकलला असेल तर शनिवारी रात्रीही शाळांचे सामने असतात.

बसायचे ते बेंचच्या समोरच्या बाजूला, मधोमध, आठ-दहा ओळी वर. ज्या आसनांवर कापडी गाद्या ठेवल्या आहेत त्या कुणाच्या तरी वीस वर्षांच्या जागा आहेत, तिथे बसू नका. सामना आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, दीड तासात संपतो. थ्री पॉइंटची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून पडलेल्या शॉटला तीन गुण, १९ फूट ९ इंचांवर. २०२४-२५ च्या मोसमापर्यंत तरी इंडियानाच्या शाळांना शॉट क्लॉक नव्हता. त्यामुळे तिसऱ्या क्वार्टरनंतर सहा गुणांनी पुढे असलेला संघ पाचही जण पसरवून चेंडू फिरवू लागतो आणि मागे असलेल्याला झोन, म्हणजे जागा वाटून घेऊन केलेला बचाव, सोडून एकेक माणूस धरावाच लागतो. प्लम्पच्या सामन्याचा अर्थ इथे जिवंत बघायला मिळतो. खाण्याला पॉपकॉर्न, नाचो, पिझ्झाचा तुकडा. शाकाहारी माणसाचे एवढ्यावर भागते. बाहेरच्या हॉटेलात पावापेक्षा दुप्पट मोठा डुकराच्या मांसाचा तळलेला टेंडरलॉइन मिळतो. खाणाऱ्यांनी तो जरूर खावा.

शनिवार: मार्टिन्सव्हिल आणि ब्लूमिंग्टन

इंटरस्टेट ६९ ने दक्षिणेला. पन्नासेक मैलांचा प्रवास. निम्म्या वाटेवर मार्टिन्सव्हिल. जॉन वुडन इथल्या शाळेकडून खेळले, १९२७ साली राज्य जिंकले, मग परड्यू विद्यापीठात गेले आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला कोच म्हणून दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. इथले जुने जिम उघडले तेव्हा त्यातली आसने गावाच्या लोकसंख्येहून जास्त होती. पंधरा मिनिटे थांबा आणि पुढे निघा.

इंडियाना विद्यापीठाचे असेंब्ली हॉल १९७१ सालचे, १७,२२२ आसनांचे, आणि तिकिटात माणूस फसतो तो बहुधा इथेच. इमारतीचा आकार नाट्यगृहासारखा: दोन्ही लांब बाजूंना उंच, खड्या चढणीच्या गॅलऱ्या आणि बास्केटच्या मागे थोड्याच जागा. बाल्कनीतल्या वरच्या ओळीत उंचीची भीती असलेल्याने जाऊच नये. खालच्या भागाच्या अगदी मागच्या ओळी बाल्कनीच्या छपराखाली येतात. फ्लोअर दिसतो, पण मधोमध टांगलेला मोठा फलक झाकला जातो. स्वस्त तिकीट पाहून लगेच घेऊ नका. खालच्या भागाच्या मधल्या ओळी मिळत असतील तर पंधरा-वीस डॉलर जास्त मोजा. प्रतिस्पर्धी परड्यू असेल तर मात्र हे सगळे विसरा आणि मिळेल ते घ्या. मोठ्या पार्किंगच्या जागा शेजारच्या फुटबॉल स्टेडियमच्या बाजूला. दीड तास आधी पोहोचलेले बरे. बॅग गाडीतच ठेवा. प्रत्येक हॉलचे बॅगचे नियम वेगळे आहेत आणि दारातून परत पाठवले की रांग पुन्हा पहिल्यापासून.

दक्षिण टोकाला पाच विजेतेपदांचे झेंडे: १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. शेवटचे तिन्ही बॉब नाइट यांचे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या सरावाच्या पँट आणि पाठीवर नाव नसलेल्या जर्सी ही त्या काळापासूनची ओळख. १९७६ चा संघ ३२-० असा अपराजित राहिला. त्यानंतर अपराजित म्हणून अंतिम चौघांत आलेले संघ पाहा: १९७९ साली इंडियाना स्टेट, १९९१ साली लास वेगास, २०१५ साली केंटकी, २०२१ साली गोंझागा. चौघेही तिथेच पडले, आणि शेवटचे तीन तर इंडियानापोलिसमध्येच पडले. ब्लूमिंग्टनचे लोक हे न विचारता सांगतात.

नाइट यांनी १९८५ साली परड्यूविरुद्ध फ्लोअरवर खुर्ची फेकली ते सगळ्यांना माहीत असते. त्यांचा मोशन ऑफेन्स किती जणांनी समजून घेतला, ही शंका आहे. ठरलेली चाल नाही. चेंडू नसलेल्या चौघांनी सतत स्क्रीन लावत (बचावपटूची वाट अडवत), बास्केटकडे कापत राहायचे आणि बचाव करणारा चुकेल त्याप्रमाणे वळायचे. २००० साली विद्यापीठाने त्यांना काढले, २००२ साली संघ अंतिम सामन्यात हरला, आणि त्यानंतर हा हॉल आठवणींवर जगतो. प्रेक्षक अजून १९८७ च्या खेळाची वाट बघतात. समोरच्या पोरांना ते ओझे होते असे मला वाटते.

इथे घड्याळाकडे लक्ष द्या. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, शॉट क्लॉक ३० सेकंदांचा. १९८५ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा ४५ सेकंदांचा होता, मग ३५, आणि २०१५ पासून ३०. पेंट, म्हणजे बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा, १२ फूट रुंद. एनबीएत तो १६. आणि कॉलेजात बचाव करणाऱ्याला त्या पट्ट्यात कितीही वेळ उभे राहता येते. एनबीएत कोणाला धरलेले नसताना तीन सेकंदांहून जास्त उभे राहिले की टेक्निकल फाउल. म्हणजे कॉलेजचा उंच माणूस बास्केटखाली तंबू ठोकून बसू शकतो, ड्राइव्हची, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे घुसण्याची, वाट बंद होते आणि सामना साठ-सत्तर गुणांवर रेंगाळतो. यालाच लोक कॉलेजचा कडक बचाव म्हणतात. चढाईची जागाच मुळात कमी असते.

टीव्हीचे टाइमआउट प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली पहिल्यांदा खेळ थांबला की होतात. खायला जायचे तर १२ च्या टाइमआउटला उठा. हाफटाइमला रांगेत उभे राहिलात तर दुसऱ्या हाफची पाच मिनिटे गेली म्हणून समजा. दुसऱ्या हाफच्या ८ च्या टाइमआउटला जागा सोडू नका. बँड, झेंडे आणि सगळा हॉल उभा राहतो, हा इथला खास भाग.

रविवार: ब्लूमिंग्टन

उशिरा उठा. मोसमात बऱ्याचदा रविवारी दुपारी इंडियानाच्या मुलींचा सामना याच हॉलमध्ये असतो, तिकीट बरेच स्वस्त आणि काल परवडली नव्हती ती जागा आज मिळते. महिला कॉलेज बास्केटबॉल २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचे झाले. पुरुषांनी ते अजून का घेतले नाही याला परंपरेपलीकडे उत्तर नाही. क्वार्टरमुळे फाउलचा हिशेब चारदा नव्याने सुरू होतो आणि शेवटची दहा मिनिटे फ्री थ्रोच्या रांगेत जात नाहीत.

सोमवार: टेरे होट मार्गे वेस्ट लाफायेट

स्टेट रोड ४६ ने पश्चिमेला साठेक मैल. टेरे होटच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये २०२४ साली लॅरी बर्ड यांचे संग्रहालय सुरू झाले. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. सोमवारी बंद निघाले तर हा थांबा सरळ वगळा आणि ब्लूमिंग्टनहून परस्पर उत्तरेला जा.

बर्ड १९७४ साली आधी ब्लूमिंग्टनला नाइट यांच्याकडे गेले होते. फ्रेंच लिकसारख्या खेड्यातला मुलगा, तीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात महिनाभरही टिकला नाही. घरी परत, गावच्या कचऱ्याच्या ट्रकवर काम, मग इंडियाना स्टेट. एक मोसम नियमाप्रमाणे बाहेर बसून काढला आणि १९७९ साली संघाला ३३-० असा अंतिम सामन्यापर्यंत नेला. तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने ७५-६४ असे हरवले.

खेळाडूंच्या शाळा-बदलीवर, म्हणजे ट्रान्सफर पोर्टलवर, चिडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की या राज्याचा सर्वांत लाडका खेळाडूही बदलून आलेला होता. फरक पडला तो थांबण्यात. २०२१ पासून खेळाडूला एकदा न थांबता बदली करता येऊ लागली, २०२४ पासून कितीही वेळा. त्याच २०२१ च्या जुलैपासून आपले नाव-छबी जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे घेण्याची मुभा आली, आणि जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली; पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. परिणाम बघायला टेरे होटसारखी जागा नाही. २०२४ साली इंडियाना स्टेटचा गॉगलवाला सेंटर रॉबी अविला देशभर गाजला. संघ एनआयटी या कॉलेजच्या दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंकलवर सीटन हॉलकडून ७९-७७ असा हरला. काही दिवसांतच कोच जॉश शर्ट्झ सेंट लुइसला गेले आणि अविला त्यांच्या मागोमाग. अविलाला दोष देता येत नाही. कोच जातो तेव्हा कोणी काही बोलत नाही. पण मधल्या शाळांचे यात मरण आहे. त्या आता मोठ्या शाळांसाठी रोपवाटिका झाल्या आहेत आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही. खेळाडूला पैसे द्या, हवे तिथे जाऊ द्या, पण फुटबॉलच्या क्लबांसारखी काही रक्कम आधीच्या शाळेलाही मिळायला हवी.

दुपारी उत्तरेला, पावणेदोन-दोन तास, दोन्ही बाजूंना मक्याची उघडी शेते. वारा सुटला की शेतातला बर्फ रस्त्यावर येतो, अंधाराआधी पोहोचा.

मंगळवार: मॅकी अरीना

परड्यूचा परिसर पायी फिरण्याजोगा आहे, आणि पुण्या-मुंबईची मुले इथल्या इंजिनीअरिंगला भरपूर असल्याने सामन्याच्या रांगेत मराठी कानावर पडले तर चकित होऊ नका. ओळखीचा विद्यार्थी असेल तर त्याच्याकडून विद्यार्थी गॅलरीची माहिती घ्या. तिथे जागा दारात आधी येणाऱ्याला, आणि पूर्ण वेळ उभे राहावे लागते. बाकीच्यांची तिकिटे सीझनधारकांकडून पुनर्विक्रीतच येतात. सामन्याच्या दिवशी दुपारी दर उतरू लागतात, पण मिशिगन स्टेट किंवा इंडियाना असेल तर ती वाट बघू नका.

मॅकी १९६७ चे, गोल, चौदा हजारांहून अधिक आसनांचे. गोल भिंती आणि वरचा घुमट आवाज बाहेर जाऊ देत नाहीत. लहान मुलांसाठी कानावर लावायचे संरक्षक न्यावेत, हे मी गंभीरपणे सांगतो. गोल असल्यामुळे वाईट जागा जवळपास नाही. वरच्या ओळीतूनही पाचही खेळाडू एका नजरेत राहतात. नुसता हॉल म्हणून असेंब्ली हॉलपेक्षा मॅकी कितीतरी सरस.

परड्यूचे कोच मॅट पेंटर २००५ पासून इथेच. त्यांच्याबद्दल वाद कायम चालतो, आणि त्याचे मूळ २०२३ च्या मार्चमध्ये आहे. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या मानांकनाचे परड्यू शेवटच्या, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असे हरले. ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी एकीकडे आणि देशातला सर्वांत बुटका संघ दुसरीकडे. त्या रात्री घडले ते असे: एक बचावपटू ईडीच्या समोर, एक मागे, आणि गार्डला धरणारे दोघे आत सरकलेले. पट्ट्यात कितीही वेळ उभे राहायची मुभा असल्याने हे शक्य होते. अशा वेळी उपाय एकच, बाहेरून शॉट पडणे, आणि परड्यूचे २६ पैकी २१ थ्री पॉइंटर चुकले. पुढच्या वर्षी तेच गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, एक वर्षाने मोठे झाले; ईडी तोच; आणि संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला. तिथे यूकॉनकडून ६०-७५ हार, ईडीचे ३७ गुण. पोर्टलच्या काळात या दोन गार्डनी चौथ्या मोसमासाठीही इथेच राहायचे ठरवले, हे मला कुठल्याही चषकाइतके मोठे वाटते.

सामना बघताना चेंडूवरून नजर काढा. परड्यूचा चेंडू पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूकडे, जातो तेव्हा दूरच्या कोपऱ्यातल्या बचावपटूचे पाय बघा. तो एक पाय पट्ट्यात ठेवून असेल तर पुढचा पास त्याच कोपऱ्यात.

बुधवार: पेसर्स

इंटरस्टेट ६५ ने पासष्ट मैल परत इंडियानापोलिसला. गेनब्रिज फील्डहाउस १९९९ चे, बाहेरून विटांचे, जुन्या फील्डहाउसची आठवण ठेवून बांधलेले. साध्या दिवशी तळाच्या संघाविरुद्ध वरच्या मजल्याचे तिकीट सिनेमापेक्षा थोडे महाग. इथे वरच बसा, साइडलाइनच्या बाजूला. खालच्या महागड्या ओळीतून घाम दिसतो, पण एनबीएचा खेळ कळतो तो वरून.

आजवरचे फरक आता एकत्र मोजता येतात. शॉट क्लॉक २४ सेकंद, अर्धे मैदान ओलांडायला ८ सेकंद (कॉलेजच्या पुरुषांना १०). थ्री पॉइंटची रेषा माथ्यावर २३ फूट ९ इंच. कॉलेजात २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंच. कोपऱ्यात एनबीएची रेषा २२ फुटांवर येते, आणि मैदान ५० फूट रुंद असल्याने तिथे उभे राहायला साइडलाइनपर्यंत जेमतेम तीन फूट उरतात. तेवढ्यात मोठाले पाय मावून, रेषा न शिवता, अर्ध्या सेकंदात शॉट सुटतो. बचाव करणाऱ्याला पट्ट्यात थांबता येत नाही आणि कोपरा सोडता येत नाही. इथे १२० गुण होतात ते यामुळे. ईडीसारखा माणूस कॉलेजात अजिंक्य आणि इथे फक्त चांगला ठरतो तोही यामुळे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला मेम्फिसने नवव्या क्रमांकाला घेतले.

पेसर्सने एबीए या जुन्या लीगची तीन विजेतेपदे घेतली, १९७०, १९७२, १९७३. १९७६ साली ते एनबीएत आले आणि तिथला चषक अजून नाही. २००० आणि २०२५ साली अंतिम फेरीत हरले. २०२५ च्या पहिल्या सामन्यात टायरीस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना ओक्लाहोमाला हरवले आणि सातव्या सामन्यात त्याचीच टाच गेली, अ‍ॅकिलिस फाटला. त्या संघाची गंमत वेगात होती. विरोधकाने बास्केट केले तरी चेंडू लगेच आत घेऊन पळायचे, बचाव लागायच्या आत.

शालेय-कॉलेजच्या मायेने पेसर्सचे चाहते एकदा फसले होते. १९८७ साली न्यू कॅसलचा स्टीव्ह अल्फर्ड ब्लूमिंग्टनला विजेतेपद जिंकून ड्राफ्टमध्ये आला. सगळ्यांना तोच हवा होता. पेसर्सने अकराव्या क्रमांकावर कॅलिफोर्नियाच्या रेजी मिलरला घेतले आणि लोकांनी हुर्यो उडवली. मिलर अठरा मोसम इथेच खेळला. घरचा पोरगा बघून निवड केली असती तर काय झाले असते, ते न्यू कॅसलवालेही आता मान्य करतात.

याच पेसर्सनी भारतातले पहिले एनबीए सामने खेळले: ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिला सामना पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला, गॅलरीत बहुतेक शाळकरी मुले होती, दुसरा १३०-१०६. वरळीत ते बघितलेल्यांनी गेनब्रिजला एकदा यावे. तिथे प्रदर्शनीय सामन्यात कोणी चार्ज घ्यायला, म्हणजे धावत येणाऱ्याची धडक अंगावर घ्यायला, पडत नव्हते. इथे फेब्रुवारीतल्या साध्या बुधवारीही पडतात.

उन्हाळ्यात येणाऱ्यांना शाळा-कॉलेज काहीच मिळणार नाही, पण याच फ्लोअरवर मे ते सप्टेंबर महिलांचा इंडियाना फीव्हर संघ खेळतो. २०२४ साली केटलिन क्लार्क आल्यापासून त्यांची तिकिटे पेसर्सपेक्षा आधी संपू शकतात, तेव्हा वेळापत्रक जाहीर होताच घ्या. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, शॉट क्लॉक २४ चा. क्लार्क खेळणार नाही असे दुपारच्या दुखापतींच्या यादीत दिसले की पुनर्विक्रीचे दर तासाभरात कोसळतात. फीव्हरची बाकीची फळी बघायची तयारी असेल तर तीच तिकीट घ्यायची वेळ.